भाडेकरूच्या हाती आधी कागद द्या : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सांगलीसारख्या लहान शहरांतील भाडेकरू आणि पहिले घर घेणारी कुटुंबे यांच्यासाठीच्या साहाय्याबाबत.

महोदय,

मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात दिवाणजी आहे आणि गेली अनेक वर्षे भाड्याच्या घरात राहतो. लिहिण्या-वाचण्याचे काम हाताशी असल्यामुळे हळदीचे हमाल, कुपवाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी मुले, मिरजेच्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका अशा अनेकांचे घरकुलाचे अर्ज भरून देण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. ते करताना जे ध्यानात आले, ते आपल्यापुढे मांडत आहे.

पंतप्रधान आवास योजना (शहरी) 2.0 सप्टेंबर 2024पासून सुरू झाली. तिच्या चार वाटांपैकी पहिली वाट स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यासाठी आहे. तीत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. परंतु जागा स्वतःची असणे आणि तिचा कागद स्वच्छ असणे या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शामरावनगरासारख्या भागांत गुंठ्या-दोन गुंठ्यांवर अनेक संसार उभे राहिले. अशी गुंठेवारी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून झालेली वस्ती, नियमित करण्याचा कायदा 2001चा आहे आणि 2021च्या दुरुस्तीने तो 31 डिसेंबर 2020पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला, तरीही मोजणी, आकारणी आणि प्रशमन शुल्क (बांधकाम नियमित करून घेण्यासाठी भरायचा दंडवजा आकार) यांच्या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला बँक कर्ज देत नाही आणि योजनेचे अनुदानही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी वाट तयार सदनिका विकत घेणाऱ्याची. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान मिळते. ते फार तर 1 लाख 80 हजार रुपये होते आणि पाच वार्षिक हप्त्यांत जमा होते. आता हिशेब पाहावा, कारण हिशेब करणे हाच माझा पेशा आहे. सांगलीत 25 लाखांची सदनिका घेणारा माणूस सहा टक्क्यांप्रमाणे दीड लाख मुद्रांक शुल्क आणि 25 हजार नोंदणी फी, म्हणजे पावणेदोन लाख रुपये, दस्ताच्या वेळीच भरून मोकळा होतो. केंद्र पाच वर्षांत जे देणार, जवळजवळ तेवढे राज्य पहिल्याच दिवशी घेते, आणि तेही बँक सहसा कर्जात धरत नाही. ते सोसायटीच्या पतपेढीतून किंवा दागिने गहाण ठेवून उभे करावे लागते. महिलेच्या नावे खरेदी केल्यास एक टक्का सवलत आहे, हे खरे. परंतु आवास योजना पती-पत्नीच्या संयुक्त नावाला उत्तेजन देते आणि पतीचे नाव दस्तात आले की तीच मुद्रांक सवलत जाते. दोन सरकारी कागदांनी एकमेकांना असे खोडून काढू नये. योजनेस पात्र ठरलेल्या कुटुंबाच्या पहिल्या घरासाठी तरी संयुक्त नावावर सवलत लागू करावी आणि मुद्रांक शुल्क हप्त्यांत भरण्याची मुभा द्यावी, ही माझी पहिली विनंती आहे.

खरी अडचण मात्र त्याच्याही अलीकडची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आमच्यातील बहुतेक भाडेकरूंकडे भाडेकरारच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार करार लेखी करून नोंदवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे आणि ती न पाळल्यास शिक्षाही सांगितली आहे. प्रत्यक्षात करार मागितला की घरमालक म्हणतो, ‘घरपट्टी वाढेल, तुम्ही दुसरीकडे बघा.’ माझ्याही वाट्याला हे उत्तर दोनदा आले. नोंदणीकृत करार नसल्यामुळे आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर, मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज बाद होतो. 2019 आणि 2021च्या पुरानंतर पंचनाम्याच्या वेळी आमच्या गल्लीत भिजलेले सामान भाडेकरूचे आणि कागद घरमालकाचे, असे चित्र होते. पाच हजार रुपये भाड्यावर अकरा महिन्यांचे मुद्रांक शुल्क दीडशे रुपयांच्या आतच बसते. महापालिका हद्दीतली हजार रुपयांची नोंदणी फी आणि एजंटाचे पैसे हीच जड बाजू आहे. लहान भाड्यांसाठी ती फी माफ करावी आणि करार नोंदवणाऱ्या घरमालकाची घरपट्टी काही वर्षे वाढणार नाही, अशी लेखी हमी महापालिकांकडून द्यावी. मालकाला धाक घालून हे साधणार नाही, तसे असते तर 1999चा कायदा पुरेसा ठरला असता.

आता नव्या घरांविषयी. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पात 20 टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखण्याचा नियम मुळात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी आला. 2011च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे आमच्या शहरात कितीही मोठा गृहप्रकल्प उभा राहिला तरी एक घरही राखीव निघत नाही. आम्ही म्हाडाच्या पुणे मंडळात मोडतो, पण मंडळाच्या सोडतीतली बहुतेक घरे पुणे आणि पिंपरी-चिंचवडची असतात आणि यार्डातल्या हमालाला हिंजवडीत घर लागून उपयोग नाही. आमच्यासारख्या लहान, ‘ड’ वर्गाच्या महापालिकांसाठी हे प्रमाण कमी, अगदी दहा टक्के ठेवले तरी चालेल. पण नियम लागू व्हावा.

शेवटी भाड्याच्या घरांची सोय. राज्याच्या 2025च्या गृहनिर्माण धोरणाने, 2007नंतर आलेल्या या पहिल्याच धोरणाने, 2030पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि नोकरदार महिला, विद्यार्थी व औद्योगिक कामगार यांच्या भाड्याच्या घरांचाही विचार केला आहे. आवास योजनेच्या भाडे घटकात केंद्र चौरस मीटरला तीन हजार आणि राज्य दोन हजार अनुदान देऊ शकते. कुपवाड एमआयडीसीलगत आणि मिरजेच्या दवाखान्यांच्या परिसरात अशा घरांची गरज आहे, हे कोणालाही रात्रपाळी सुटण्याच्या वेळी उभे राहून पाहता येईल. या घटकाचा एक प्रस्ताव आमच्या महापालिकेकडून मागवून घ्यावा आणि त्यासाठीची जागा पूररेषेबाहेरचीच असावी, एवढी अट आपण स्वतः त्यात लिहावी.

कळावे.

आपला,
सांगलीतील एक भाडेकरू