टाच दुखते, पण चाल कोण पाहतो?

मा. संपादक,

नागपुरात अंबाझरी, फुटाळा वा सेमिनरी हिल्सकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या गप्पांत साखर आणि रक्तदाबाच्या खालोखाल विषय असतो तो टाचा, नडग्या आणि पोटऱ्यांच्या दुखण्याचा. बूट बदलण्यापासून विटेच्या शेकापर्यंत नाना उपाय सुचवले जातात. आपण पाऊल टाकतो कसे, हे मात्र कोणी पाहत नाही.

गेल्या वर्षी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना माझ्या डाव्या टाचेतून कळ निघे आणि दिवसभर नडगीची आतली कड ठणकत राही. एक्स-रेत टाचेचे हाड वाढलेले दिसले, गोळ्या मिळाल्या. (असे वाढलेले हाड काहीच न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसते, हे मला पुढे कळले.) अखेर एका फिजिओथेरपिस्टने मला व्हरांड्यात अनवाणी चालायला लावले, मागून मोबाइलवर चित्रण केले आणि जुन्या चपला आणायला सांगितल्या. उजवीची टाच बाहेरच्या कोपऱ्यात किंचित झिजली होती, जशी बहुतेकांची झिजते. डावीचा आतला भाग मात्र अंगठ्याखालपर्यंत गुळगुळीत झाला होता.

दोन वर्षांपूर्वी माझा डावा घोटा मुरगळला होता. लंगडणे थांबले, पण घोटा ताठ आणि पोटरी आखडलेली राहिली. चालताना टेकलेल्या पायावरून शरीर पुढे जाते तेव्हा घोटा साधारण 10 अंश वाकावा लागतो. तो वाकत नसेल तर टाच वेळेआधी उचलली जाते, किंवा पाऊल बाहेर वळून आतल्या अंगाला कलते, कमान खाली बसते, टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा ताणला जातो आणि कमान सावरणारा नडगीमागचा स्नायू प्रत्येक पावलाला जादा राबतो. उंच, ताठ कमानीच्या पायाची तक्रार वेगळी असते; तो जमिनीचा धक्का नीट शोषत नाही. अर्थात दुखते म्हणूनही चाल बिघडते आणि वाकडी चाल असणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. मला भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याच्या व्यायामाने तीन-चार महिन्यांत आराम पडला.

यात रस्त्यांचाही वाटा असावा, असे मला वाटते. फूटपाथवर गाड्या उभ्या असल्याने आपण रस्त्याच्या उतरत्या कडेने चालतो, तेही रोज एकाच बाजूने. त्यामुळे एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो.

आपल्याकडील आरोग्य शिबिरांत वजन, साखर, रक्तदाब तपासतात. तिथेच प्रत्येकाला दहा पावले अनवाणी चालायला लावून जाणकाराने पाहावे, अशी आयोजकांना विनंती आहे. मधुमेहींचे तळवे बधिर झाले आहेत का, चालताना चवडा लोंबतो का, ठरावीक अंतरानंतर पोटरी भरून येऊन थांबताच आराम पडतो का, हेही तेव्हाच विचारता येईल. शेवटचे लक्षण बहुधा रक्तवाहिन्यांचे असते आणि त्यावर व्यायाम सुचवण्याआधी डॉक्टरांकडे पाठवणे आवश्यक आहे.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर