रस्ता पूर्व-पश्चिम, पाणी उत्तर-दक्षिण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याच्या चौपदरीकरणाची बातमी आली की आमच्याकडे पारावर दोनच प्रश्न निघतात. मोजणी कुणाच्या गटातून जाणार आणि गुंठ्याला भाव काय मिळणार. दोन्ही प्रश्न रास्त आहेत; ज्याची उभी केळी जाणार त्याला पर्यावरणाच्या गप्पा कशा सुचतील? पण तिसराही एक प्रश्न आहे आणि तो आखणी कायम होण्याआधीच विचारला पाहिजे. सातपुड्याचे पाणी या रस्त्याखालून जाणार कसे?

रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा हा रस्ता सातपुड्याच्या कडेकडेने पूर्व-पश्चिम जातो. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या उत्तरेकडून येऊन त्याला आडव्या जातात आणि तापीला मिळतात. नद्यांवर पूल होतीलच, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती बिननावाच्या नाल्यांची. ते वर्षातले बहुतेक दिवस कोरडे असतात, कुणी त्यात गुरे बांधतो, कुणी बांध सरकवून पिकाच्या चार ओळी वाढवून घेतो (हेही आपल्याच लोकांचे काम), आणि एखाद्या रात्री वर डोंगरात पाऊस झाला की तेच नाले पुरुषभर पाणी घेऊन येतात. आजचा रस्ता बहुतेक ठिकाणी शेताच्या पातळीलाच आहे. पाणी फार झाले तर ते रस्त्यावरून निघून जाते, एसटी दोन तास थांबते, एवढेच. चौपदरी रस्ता मात्र भराव टाकून उचलला जातो. पाणी जायला रस्त्याखाली ठेवलेली मोरी चुकली की त्या भरावाचा बंधारा होतो आणि बुडते ते वरच्या अंगाचे शेत.

तापीच्या दक्षिणेला हे घडलेले आहे. माझ्या मावसभावाचे शेत अशाच एका नव्या महामार्गाला लागून आहे. मोरी बांधली ती नाल्याच्या मूळ धारेपासून बाजूला आणि शेतापेक्षा उंच. काळ्या जमिनीत पाणी तुंबून राहिले, कपाशी जागेवर पिवळी पडून गेली. अर्जाला उत्तर मिळाले की मोरी मंजूर आराखड्याप्रमाणेच आहे.

आमच्या पट्ट्यात तर त्याहून मोठी गोष्ट पणाला लागलेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे, वाळू आणि माती यांचा जाड थर आहे. भूजलाचे अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेले पाणी इथे जमिनीत जिरते आणि खालच्या केळी पट्ट्याच्या विहिरी-बोअर त्यावर चालतात. रावेर आणि यावल तालुक्यांत उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे, हे कुणाला सांगायला नको. बोअर किती खोल गेले ते प्रत्येक घराला माहीत आहे. याच पट्ट्यात पाणी जिरवण्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी मे २०२५ मध्ये तापी खोरे मेगा रिचार्ज प्रकल्पाचा करार केला. म्हणजे एक खाते जमिनीत पाणी घालायला निघाले आहे आणि दुसरे त्याच जमिनीवर डांबर अंथरणार. दोघांनी एका टेबलावर नकाशा मांडलेला मला तरी ऐकिवात नाही.

साधा हिशेब करून पाहा. वीस मीटर रुंदीच्या एक किलोमीटर डांबरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ कोटी ४० लाख लिटर पाणी होते. हे पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून तापीत सोडून द्यायचे, की आधी गाळ आणि तेल अडवणारा खड्डा करून मग पुनर्भरणाच्या शाफ्टमध्ये, म्हणजे पाणी जमिनीत खोल नेणाऱ्या उभ्या खड्ड्यात, उतरवायचे, हे आराखड्यातच ठरते. मागून जोडता येत नाही. इथला थर पाणी पटकन खाली नेतो, म्हणून गाळणी नीट हवी. नाहीतर टायरची घाणही तितक्याच वेगाने विहिरीत जाईल. याच कारणाने राखेचा भराव इथे नको. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांना राख वापरण्याचा केंद्राचा २०२१चा नियम आहे आणि भुसावळजवळचे दीपनगरचे केंद्र आम्हाला जवळच आहे. दुसरीकडे खुशाल वापरा, पण जिथे खाली गोटे आणि वाळू आहे तिथे राखेवरून झिरपलेले पाणी थेट पिण्याच्या पाण्याला मिळेल.

मग भरावाला माल कुठला? शेजारच्या बुलडाण्याने ते दाखवून दिले आहे. तिथे तलाव आणि नाले खोल केले, गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला आणि खालचा मुरूम महामार्गाच्या भरावाला गेला. तलावांची साठवण वाढली आणि टेकड्याही वाचल्या. आमच्याकडेही गाळाने भरलेले पाझर तलाव थोडे नाहीत.

झाडांबद्दल थोडेच लिहितो. महामार्गाच्या खर्चाचा १ टक्का वृक्षलागवडीला ठेवावा असे २०१५चे हरित महामार्ग धोरण सांगते. त्यातून दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल फुलते, पण जुन्या निंबाची आणि चिंचेची सावली त्यांना देता येत नाही. जिथे जुन्या झाडांची रांग शाबूत आहे तिथे ती मधे ठेवून नव्या दोन मार्गिका एका अंगाला काढाव्यात. जमीन थोडी जास्त लागेल, हे मान्य.

वन्यप्राण्यांसाठी पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ५० ते ७५० मीटर रुंदीचे ९ भुयारी मार्ग आणि पूल केले, आणि वाघासह अनेक प्राणी त्याखालून जाताना कॅमेऱ्यात दिसले. आमच्याकडे यावल आणि अनेर ही दोन अभयारण्ये याच पट्ट्यात आहेत. अनेरचा पूल करताना दोन्ही काठांना कोरडी जागा राहील एवढा तो लांब केला, तर पाणीही जाईल आणि जनावरही.

कायद्याच्या भरवशावर मात्र बसू नये. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणविषयक जनसुनावणी होते, पण २०१३च्या दुरुस्तीनंतर १०० किलोमीटरपर्यंतच्या रुंदीकरणाला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. रस्त्याचे काम तुकड्यांत निघाले तर सुनावणीचा प्रश्नच उरत नाही. म्हणून सक्ती नसली तरी प्रत्येक तालुक्यात मराठीतून सुनावणी घ्यावी. त्याआधी प्रत्येक मोरीची जागा, रुंदी आणि तळाची पातळी दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. आणि मोजणीवाल्यांनी पावसाळ्यात शिवारात यावे, सोबत गावचा कोतवाल आणि दोन जुने सालदार घ्यावेत. नाला कुठे फुटतो हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तहसीलदारांना तसे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला वाचक,
एक केळी उत्पादक, ता. यावल, जि. जळगाव