नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या सगळ्यांनी बघितल्या, आता डेरेक बूगार्डबद्दलही छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०२५ मधे मॉन्ट्रियलला कॅनडा-अमेरिका आइस हॉकी मॅच झाली, पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या, आणि ती क्लिप आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर इतकी फिरली की ज्यांनी जन्मात कधी हॉकीची रिंक बघितली नाही तेही हसत हसत फॉरवर्ड करत होते. मी बरीच वर्षं मिनेसोटात राहतो, हॉकीचं इथल्या लोकांना क्रिकेटसारखंच वेड आहे, आणि अशी क्लिप आली की मला हटकून डेरेक बूगार्ड आठवतो, मारामारी हीच ज्याची टीममधली नोकरी होती तो हॉकीपटू. मराठी पेपरात त्याच्याबद्दल माझ्या तरी वाचनात काही आलं नाही, म्हणून हे पत्र.

डेरेकचा जन्म १९८२ चा, कॅनडातल्या सास्काटूनचा. वडील पोलिसात, त्यामुळे बदल्या होत राहायच्या, दर वेळी नवीन गाव नवीन शाळा, आणि हा पोरगा वर्गात सगळ्यात उंच, जरासा बुजरा. स्केटिंग फार चांगलं होतं असंही नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी एका मॅचमधे त्याचं डोकं फिरलं आणि तो थेट समोरच्या टीमच्या बेंचमधे घुसून ठोसे मारत सुटला, बघायला आलेल्या ज्युनियर टीमच्या माणसांनी त्याचं नाव तिथेच टिपून घेतलं. मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट. पोराला दम देऊन घरी पाठवायचं सोडून मोठ्या माणसांनी त्याला सांगितलं की बाबा रे तुझी नोकरी हीच.

या नोकरीला तिकडे एन्फोर्सर म्हणतात. आपल्या स्टार खेळाडूला कोणी धक्का दिला की याने जाऊन त्याचा हिशोब चुकता करायचा. दोघं ग्लोव्ह्ज खाली टाकतात, एकमेकांची जर्सी धरतात आणि उघड्या मुठींनी तोंडावर मारत राहतात, अंपायर बाजूला उभे राहून वाट बघतात, दोघांपैकी एक बर्फावर पडला की मग मधे पडतात. शिक्षा काय तर पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समधे बसायचं, की परत खेळायला मोकळा. हे नियमाच्या पुस्तकात आहे, चोरून चाललेलं काही नाही.

२००१ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात तेव्हा, आमच्या इथल्या मिनेसोटा वाइल्ड या टीमने त्याला सातव्या राउंडमधे घेतलं आणि २००५ मधे तो एनएचएलमधे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमधे, खेळायला लागला. सहा फूट सात इंच उंची, वजन १२० किलोच्या आसपास, सेंट पॉलच्या स्टेडियममधे तो बर्फावर उतरला की लोक उभे राहायचे. ऑक्टोबर २००६ मधे त्याच्या एका ठोशाने टॉड फेडोरुकच्या गालाच्या हाडाचा चुरा झाला, टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या, आणि पुढच्याच वर्षी तोच फेडोरुक त्याच्या टीममधे आला. अख्ख्या करिअरमधे २७७ मॅच, ३ गोल, ५८९ मिनिटं पेनल्टी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलमधे जवळपास पाच वर्षं गेली!

या सगळ्याचा हिशोब शरीर ठेवत होतं. हाताची बोटं वाकडी, पाठ गेलेली, खांद्याचं ऑपरेशन, नाक किती वेळा मोडलं देव जाणे. दुखण्यावर गोळ्या, ऑक्सिकोडोनसारख्या, ज्यांची सवय लागते, आणि त्या वेगवेगळ्या डॉक्टरांकडून मिळत गेल्या. २००९ मधे त्याला रिहॅबला जावं लागलं. तरी २०१० मधे न्यूयॉर्क रेंजर्सने चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलरचा करार केला. डिसेंबरमधे ओटावाच्या मॅट कार्कनरबरोबर मारामारी झाली, डोक्याला मार बसला आणि तो परत कधीच खेळला नाही. १३ मे २०११ ला मिनियापोलिसच्या फ्लॅटमधे भावांना तो मेलेला सापडला. दारू आणि ऑक्सिकोडोन एकत्र. वय २८.

घरच्यांनी त्याचा मेंदू बॉस्टन युनिव्हर्सिटीला दिला. डॉ. ॲन मकी यांच्या टीमला त्यात सीटीई सापडला. डोक्याला परत परत मार बसून मेंदू हळूहळू खराब होतो, स्मरणशक्ती जाते, स्वभाव बदलतो, तो हा आजार, आणि पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं. व्यसनाने किती बिघडलं आणि या आजाराने किती, हे डेरेकच्या बाबतीत वेगळं काढून सांगता येत नाही. पण २८ व्या वर्षी मेंदू तसा झाला होता हे तर खरं ना. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन (२७) आणि वेड बेलाक (३५) हेही गेले, दोघंही मारामारीसाठीच ओळखले जाणारे.

एनएचएलचं उत्तर काय, तर डोक्याचा मार आणि सीटीई यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. लीगचे प्रमुख, कमिशनर गॅरी बेटमन वर्षानुवर्षं हेच बोलतायत. २०१८ मधे माजी खेळाडूंनी लीगवर लावलेल्या दाव्यात सुमारे १.९ कोटी डॉलरची तडजोड झाली तीसुद्धा जबाबदारी मान्य न करता. आणि मारामारी काढली तर खेळात मजा राहणार नाही हे मला अजिबात पटत नाही. ऑलिंपिकमधे मारामारी केली की मॅचबाहेर, अमेरिकन कॉलेज हॉकीतही तसंच, कॅनडातल्या क्यूबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ पासून हेच केलं, आणि सगळीकडे हॉकी जोरात चालू आहे.

एक गोष्ट राहिली. २००७ मधे डेरेक आणि त्याच्या भावाने कॅनडातल्या रेजायनाला पोरांसाठी मारामारीचं शिबिर घेतलं होतं, वयं बारा ते अठरा, आणि पोरांना जे टी-शर्ट मिळाले त्यावर खोट्या रक्ताचे शिंतोडे छापलेले होते. आपली मराठी पोरंही आता इथे आणि कॅनडात रिंकवर जातात म्हणून आईवडिलांना कळकळीने सांगतो, लीग निवडताना मारामारीचा नियम काय आहे ते कोचला विचाराच, आणि डोक्याला मार बसला की त्या दिवशी परत खेळू द्यायचं नाही, डॉक्टरने सांगेपर्यंत तर नाहीच.

साहेब, तुमच्या क्रीडा पानाला विनंती आहे की पुढच्या वेळी अशी क्लिप 'धमाल राडा' म्हणून टाकाल तेव्हा शेजारी अर्धा कॉलम डेरेकला द्या. मजकूर मी लिहून पाठवायला तयार आहे.

आपला,
एक वाचक, सेंट पॉल, मिनेसोटा