खारघरचे ३८ आणि फिनिक्सचे ३८

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशी वाचकांसाठी हवामानावर कसे लिहावे, हे सांगणारा लेख आला आहे. नव्या मुलांनी जगासाठी लिहावे, ही लेखकाची तळमळ खरी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण ‘कुलाबा, सांताक्रूझ, खारघर ही नावे बाहेरच्याला काय कळणार? सरळ मुंबई लिहा आणि एकच ठळक आकडा द्या,’ हा सल्ला वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. या सल्ल्याची झळ मला स्वतःला लागली आहे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात काय झाले ते आपल्या वाचकांना सांगायला नको. भर दुपारी उघड्यावर बसलेले श्रीसेवक, म्हणजे अप्पासाहेब धर्माधिकारींचे अनुयायी, उष्माघाताने कोसळले, १४ जण दगावले. त्यानंतर काही दिवसांनी एका माजी विद्यार्थिनीच्या ओळखीने परदेशातल्या एका नियतकालिकाने माझ्याकडे टिपण मागितले. मी आयुष्यभर ठाण्यात भूगोल शिकवला. आमच्या शाळेत ओला-कोरडा तापमापक होता: शेजारी शेजारी दोन नळ्या, एकीच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचे टोक पाण्याच्या डबीत. विदर्भात उन्हाळ्यात या दोन नळ्यांत वीस अंशांचाही फरक पडतो, कारण कोरडी हवा चिंधीतले पाणी भराभर शोषते. ठाण्यात मे महिन्यात मुले आकडे वाचायची तेव्हा फरक सहा-सात अंशांवर जात नसे. त्या चिंधीचे जे होते तेच आपल्या अंगाचे. घाम वाळला तर शरीर थंड होणार. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. खारघरला त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता आणि माणसे का गेली, हे समजायला एवढे सांगणे पुरेसे होते. मी ते सोप्या इंग्रजीत लिहून पाठवले.

छापून आले तेव्हा चिंधीही नव्हती आणि दमटपणाही नव्हता. ‘मुंबईच्या बाहेर, ३८ अंश’ एवढेच उरले होते. वर छायाचित्र कसले, तर भेगाळलेल्या जमिनीचे! खारघरला एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि कांदळवन. तिथे भेगाळलेले शिवार आणायचे कुठून? विचारले तेव्हा उत्तर आले, आमच्या वाचकाला तपशिलाने गोंधळायला होते. त्याच माजी विद्यार्थिनीचे घर अमेरिकेत फिनिक्सला आहे. तिने कळवले, ‘बाई, इथे जुलैत ३८ झाले तर लोक आज बरे आहे म्हणतात. माझ्या ऑफिसात सगळे विचारतायत की एवढ्याने माणसे कशी मेली?’ मला त्याचे फार वाईट वाटले. गेलेली माणसे जणू नाजूकच होती, असा अर्थ त्या वाळवंटातल्या वाचकाने काढला आणि तो काढायला त्याला लेखानेच भाग पाडले. आपले हवामान खाते उष्णतेची लाट ठरवताना मैदानी प्रदेशाला ४० अंशांची अट लावते आणि किनारपट्टीला ३७ अंशांची. एवढे एक वाक्य ठेवले असते तरी चालले असते.

पावसाचेही तेच. २६ जुलै २००५ चे ९४४ मिलिमीटर जगभर ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून छापले जातात. तो आकडा सांताक्रूझचा. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, हेही कोणी लिहीत नाही. आणि आम्ही ठाणेकर? आमच्या डोक्यावर येऊरचा डोंगर, पायाशी खाडी; आमचा पाऊस या दोन्ही केंद्रांवर मोजला जात नाही. जागा आणि वेळ काढून टाकली की आकडा फक्त भीती घालतो.

परदेशी वाचकाला समजत नाही, हे मला मान्यच नाही. नवी मुंबईतले धारण तलाव बघा. भराव घालून वसवलेले नोड, म्हणजे तिथल्या वसाहती, भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणून डच पद्धतीने तलाव बांधले. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला खाडीत जाते. नेदरलँड्सच्या माणसाला हे वाशी-बेलापूरच्या नावानिशी सांगा, त्याला आपल्यापेक्षा लवकर कळेल. ‘मुंबई पुन्हा बुडाली’ असे लिहिलेत तर त्याच्या हाती काय लागणार?

जाता जाता आपल्याच अंकाबद्दल. पहिल्या पानावर तळाशी भरती-ओहोटीच्या वेळांची छोटी चौकट यायची. पान नव्याने मांडल्यापासून ती गायब आहे आणि त्या जागी राशिभविष्य आले आहे. कोपरीत, कळव्यात, चेंदणीत खाडीलगत राहणाऱ्यांना मोठा पाऊस लागला की पहिला प्रश्न असतो भरती किती वाजता. नाल्याचे पाणी उतरणार की घरात शिरणार, हे त्यावर ठरते. मी याआधीही याबद्दल लिहिले होते. पत्र छापले नाहीत, उत्तरही आले नाही. जगासाठी कसे लिहावे हे जरूर शिकवा, पण ठाण्याच्या वाचकाला ती चौकट जूनच्या आधी परत द्या. सोबत ठाणे आणि बेलापूरचे तापमान आर्द्रतेसह द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, ठाणे (पूर्व)