सिनेमाचा तुकडा आणि कानाचा तास

प्रिय मित्रा,

इंग्रजी श्रवणाच्या तासाला सिनेमा-मालिकांचे तुकडे लावणार आहेस, तर आधीच सांगतो: अर्धा तास सिनेमा लावून शेवटी १० प्रश्न विचारलेस तर ती परीक्षा झाली, शिकवणं नव्हे. दीड-दोन मिनिटांचा तुकडा एका तासाला भरपूर होतो.

निवडताना डोळे मिटून ऐक. संगीत संवादावर चढत असेल किंवा दोघं एकदम बोलत असतील, तर सोडून दे. एका खोलीत दोन माणसं काहीतरी ठरवताहेत किंवा भांडताहेत, असा प्रसंग उत्तम. नवशिक्यांना पाककृतीचा कार्यक्रम बरा, हात करतो तेच तोंड सांगतं. बातम्या स्पष्ट असतात, पण ते वाचन; बोलण्यातली मोडतोड त्यात फारशी सापडत नाही.

पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखव आणि काय बिनसलंय याचा अंदाज बांधू दे. दुसऱ्यांदा आवाजासह, एकच ढोबळ प्रश्न देऊन. उत्तर चित्रात दिसत असेल तर तो प्रश्न बाद. मग खरं काम: सगळे जिथे अडले ते ५-७ सेकंद घे, पडदा झाक, तीन-चारदा ऐकव आणि शब्दन् शब्द लिहायला सांग.

इथेच गंमत कळते. मुलांना 'डिड यू' ठाऊक असतं, कानावर येतं 'डिज्यू'. 'नेक्स्ट डे'मधला ट गळतो. सगळ्यात फसवं 'कॅन' आणि 'कॅन्ट'. अमेरिकन बोलण्यात नकारातला ट बऱ्याचदा नीट ऐकूच येत नाही. पण होकारातला 'कॅन' आखडून 'कन' होतो, नकारातला स्वर मात्र ठसठशीत राहतो. म्हणून ट शोधू नका, स्वर ऐका, असं सांग आणि ते वाक्य त्याच वेगात म्हणवून घे.

वेग ०.७५ वर आणायचा मोह होईल. क्वचित चालेल, पण गळालेला ट सावकाश लावल्याने परत येत नाही. त्यापेक्षा थांबव, मागे घे.

मराठी सबटायटल्स नकोतच, डोळे वाचू लागले की कान सुट्टीवर जातात. इंग्रजी दाखव, पण लिहून झाल्यावर, ताडून पाहायला. तीही आधी स्वतः तपास. वाचायला वेळ मिळावा म्हणून संवाद पुष्कळदा छाटलेले असतात, आणि मग बरोबर ऐकलेल्या मुलालाच आपण चुकलो असं वाटतं.

हो, लॅपटॉपच्या स्पीकरवर विसंबू नकोस. मागच्या बाकावर 'स' आणि 'फ' आधी हरवतात. तास सुरू होण्यापूर्वी तिथे बसून एकदा ऐक.

पहिला तुकडा ठरला की त्याचे संवाद लिहून पाठव, कोणते ५ सेकंद कापायचे ते मिळून बघू.

तुझाच,
मित्र