सोमवार राजाराम महाराजांसाठी राखायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

इटलीत फ्लॉरेन्सला येणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या ज्येष्ठांच्या गटासाठी तुम्ही अख्खा बेत आखून दिलात. ओळखदेख नसताना, एक पैसाही न घेता. फोनवर आभार मानून झाले, पण तुमची माहिती इतकी नेमकी आहे की ती आमच्यापुरती ठेवणं बरोबर वाटेना. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तशी तुमची इच्छाच आहे.

फ्लॉरेन्सचा जुना भाग तसा आटोपशीर. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून पोन्ते वेक्क्यो पुलापर्यंत रमतगमत चाललं तरी वीस मिनिटं पुरतात. त्यामुळेच लोक गाफील राहतात आणि 'पोचलं की बघू' म्हणतात. पाय साथ देतात, पण वेळा जुळत नाहीत. उफित्सी आणि आकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रवेश फुकट, पण त्या दिवशी आगाऊ वेळ घेता येत नाही आणि रांग संपता संपत नाही. कथीड्रल, म्हणजे शहराचं मुख्य चर्च, रविवारी प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांसाठी नाही. तुम्ही आधी हे बंद दिवस कॅलेंडरवर खोडून टाकलेत आणि मग उरलेल्या जागेत बेत बसवलात. वर्षानुवर्षं सहली आखणाऱ्यांनीही उचलावी अशी ही पद्धत आहे.

दुसरी गोष्ट घुमटाची. कथीड्रलमध्ये जायला तिकीट नाही, पण त्याच्या, वास्तुकार ब्रुनेल्लेस्कीने बांधलेल्या, घुमटावर चढायला ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं. ती वेळ नंतर बदलून मिळत नाही आणि हंगामात जागा फार लवकर भरतात. म्हणून तुमचा नियम असा: घुमटाची वेळ आधी पक्की करा, उफित्सी आणि आकादेमियाची तिकिटं तिच्या आगेमागे बसवा. दाराशी नावं बघतात, तेव्हा तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, त्या आधी ठेवायच्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. नऊवारीपासून सलवार-कुर्त्यापर्यंत आपल्याकडच्या बायकांना ही अडचण नाही. हाफ पँट घातलेले काका मात्र दारावर अडतात.

आणि चढायचं कुणी, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत, त्याबद्दल खास आभार. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटायचं. अर्ध्यावरून परत फिरणं जवळपास अशक्य. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असेल तर मोह आवरावा. चढू शकणाऱ्यांसाठी तुम्ही सांगितलेली खूण मोलाची आहे. आतल्या 'अंतिम न्याया'च्या चित्राजवळून पुढे गेलं की वाट घुमटाच्या दोन कवचांमधून वर जाते. तिथे थांबून भिंतीच्या विटा बघायच्या. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतराने उभ्या विटा घातलेल्या दिसतात आणि त्यांची तिरकी ओळ वर चढत जाते. सुमारे ४५ मीटर रुंदीचा हा घुमट १४२० ते १४३६ या काळात उभा राहिला, तो जमिनीपासून लाकडी साच्याचा आधार न देता. चुना ओला असताना आत झुकलेल्या विटा घसरू नयेत म्हणून या उभ्या विटा पाचरीसारख्या धरून ठेवतात. हे ठाऊक असलं की दम लागल्याचं काही वाटत नाही.

न चढणाऱ्यांना तुम्ही नुसतं बाकावर बसवलं नाहीत, हे आम्हाला सगळ्यात भावलं. कथीड्रलच्या मागच्या बाजूचं 'ओपेरा देल दुओमो' संग्रहालय लिफ्टचं आहे. शिल्पकार गिबेर्तीने १४२५ ते १४५२ मध्ये घडवलेली 'स्वर्गद्वारं' मूळ रूपात तिथेच आहेत, कथीड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाला लावलेली दारं नक्कल आहेत. मिकेलान्जेलोचं उतारवयातलं 'पिएता' हे शिल्पही तिथेच. वरच्या गच्चीवरून घुमट अगदी समोर दिसतो. घुमटावर चढलेल्याला घुमट दिसत नाही, इथे बसलेल्याला दिसतो.

पत्त्यांचा घोळ तुम्ही सांगितला नसतात तर कुणाला सुधरलाच नसता. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन माळा चालतात. राहत्या घरांचे आकडे काळे किंवा निळे, दुकानं-हॉटेलांचे लाल. पत्त्यात लाल क्रमांकापुढे 'आर' लिहितात. त्यामुळे ३८ आणि ३८-आर यांच्यात शंभर-दोनशे पावलांचं अंतर असू शकतं. फोनवरचा नकाशाही कधी चुकीच्या ३८ समोर नेऊन उभा करतो. पत्ता लिहून घेताना तो 'आर' गाळू नये, एवढंच.

जेवणाबद्दल. दुपारी तीननंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात, ती सातच्या पुढेच उघडतात. मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेणाऱ्यांनी पाचच्या सुमाराचं खाणं बरोबर ठेवावं. तिथला पाव अळणी असतो, तो तसाच असतो, बिघडलेला नसतो. लिंबाच्या लोणच्याची छोटी बाटली कामी येते, मात्र ती हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानात टाकावी. शाकाहाऱ्यांना रिबोल्लीता (शिळा पाव, शेंगदाण्याएवढे पांढरे वाल, कोबीची पानं यांचं दाट सार) आणि पाप्पा अल पोमोदोरो (टोमॅटो-पावाचं) हे दोन पदार्थ पोटभर होतात. तरी रस्सा मांसाचा आहे का, हे विचारूनच घ्यावं. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने होतं, काटेकोर शाकाहाऱ्यांनी ते वरून घालू नका म्हणून आधीच सांगावं. चौकातल्या गाडीवर 'लाम्प्रेदोत्तो' लिहिलेलं असेल तर ते गाईचं पोट आहे. ही गोष्ट तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलीत, आमच्या गटासाठी ते फार गरजेचं होतं.

कॉफी काउंटरवर उभं राहून घेतली तर एक दर, टेबलाशी बसून घेतली तर दुसरा. आणि व्हिया दे' नेरीसारख्या गल्ल्यांत जेवणाच्या वेळी फुटपाथवर किंवा उंबऱ्यावर बसून खायला २०१८ मध्ये बंदी घातली होती, दंड १५० युरोपासून सुरू व्हायचा. पाण्याची बाटली नेपच्यूनच्या कारंज्यालगतच्या सार्वजनिक नळावर फुकट भरता येते.

भाड्याची मोटार घेऊन शहरात शिरू नये, हे एका ओळीत सांगितलंत, तेवढंच पुरे. जुन्या भागात वाहनबंदीचं क्षेत्र आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र घरी परतल्यावर कित्येक महिन्यांनी येतं. विमानतळावरून टी-२ ट्राम वीसेक मिनिटांत गावात आणते. तिकीट चढताच यंत्राला लावायचं.

आता सोमवारचं. संग्रहालयं बंद म्हणून बहुतेक गट त्या दिवशी पिसाला जातात. तुम्ही आमच्या बेतात त्या सकाळी 'काशीने' या नदीकाठच्या बागेचं नाव लिहिलंत. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत आणि शाहू महाराजांचे चिरंजीवही नव्हेत. १८६६ ते १८७० गादीवर असलेले हे राजाराम. दहनाला तिथे मुभा नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा योजला. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच, 'पोन्ते आल्'इंदियानो', म्हणजे भारतीयाजवळचा पूल.

जायचं कसं, ते तुमच्याच शब्दांत: स्टेशनवरून टी-१ ट्राम व्हिला कोस्तान्झाच्या दिशेने, काशीने थांब्यावर उतरायचं, नदी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे बागेच्या टोकापर्यंत. अडीच-तीन किलोमीटर सपाट चाल, वाटेत झाडी आणि बाकं. चालवत नसेल त्यांनी टॅक्सी करावी, पण फ्लॉरेन्समध्ये हात दाखवून टॅक्सी थांबत नाही. फोनवर बोलवावी लागते किंवा स्टँडवर जावं लागतं, आणि त्या टोकाला स्टँड नाही. म्हणून परतीची वेळ जातानाच ठरवून ठेवायची. मंगळवारी सकाळी त्याच बागेत आठवडी बाजार भरतो, तेव्हा गर्दी असते. सोमवारी शांतपणे फुलं वाहता येतात.

कोल्हापूरच्या माणसाला फ्लॉरेन्समध्ये मिकेलान्जेलोचा डेव्हिडचा पुतळा कुणीही दाखवेल. छत्री दाखवायचं तुम्हाला सुचलं, आणि तीही कधी, कुठल्या ट्रामने, कसं परत यायचं यासकट. पुढच्या गटांनाही हाच कागद देतोय. संग्रहालयांच्या वेळा किंवा ट्रामचे मार्ग बदलले तर तेवढं कळवत राहा. इकडून काय पाठवू ते निःसंकोच सांगा. कांदा-लसूण मसाला तर येतोच आहे.

आपले ऋणी,
कोल्हापूरचे सहलआयोजक