परवानगी लागत नाही, म्हणून नकाशाही नको?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घराच्या नूतनीकरणावर अधूनमधून लेख येतात. रंग, टाइल्स, मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, सगळं असतं त्यात. कुठली भिंत पाडायची आणि कुठलीला हात लावायचा नाही हे ज्या कागदावर ठरतं, त्या कागदाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मी आयटीआयमधून आरेखक (स्थापत्य) झालो आणि नोकरीभर नकाशेच काढले, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

लोक म्हणतात, आतलं तर काम आहे, परवानगी लागत नाही, मग नकाशा कशाला? यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये घराच्या फक्त अंतर्भागात होणाऱ्या दुरुस्ती-सुधारणांना विकास परवानगीतून सूट आहे (वारसा इमारती अपवाद). २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने, म्हणजे यूडीसीपीआरने, मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागात लहान भूखंडांवरच्या बांधकामांची प्रक्रियाही पुष्कळ सोपी केली. चांगलंच झालं. पण सरकारने हात सैल सोडला की नकाशाची जबाबदारी घरमालकावर येते, ती नाहीशी होत नाही.

मुळात पालिकेला द्यायचा नकाशा आणि गवंड्याच्या हातात द्यायचा नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत. मंजुरीचा नकाशा १:१०० प्रमाणात असतो. जुनं बांधकाम काळ्या रेषेत, पाडायचं ते पिवळ्या रेघोट्यांत, नवं लाल रंगात, ड्रेनेज लाल तुटक रेषेत. बाजूला क्षेत्रफळाचा तक्ता, एफएसआय (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण), सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा). पालिकेला तेवढं पुरतं. त्यात सळई किती मिलिमीटरची, तिच्याभोवतीच्या रिंगा किती अंतरावर, दोन सळयांचा जोड (लॅप) कुठे द्यायचा, टॉयलेटचा स्लॅब किती खाली घ्यायचा, पाइप तुळईच्या खालून न्यायचा की बाजूने, यातलं काही नसतं. मग सेंट्रिंगवाला विचारतो, "साहेब, नेहमीसारखं करू ना?" साहेब मोबाइलवर थ्री-डी चित्र बघत "करा" म्हणतात. त्या चित्रात सोफा अगदी हुबेहूब दिसतो, पण सोफ्याच्या डोक्यावरची तुळई दिसत नाही.

नकाशाची सुरुवात टेपने होते, कॉम्प्युटरवर नव्हे. जुन्या बंगल्यात खोलीच्या चार भिंती मोजून भागत नाही, दोन्ही कर्ण मोजावे लागतात; दोन-तीन इंचांचा फरक सहज निघतो. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी बघायची. गिलाव्यासकट दहा इंच भरली तर ती नऊ इंची विटेची भिंत, बहुधा वरचा भार तिच्यावर आहे. मग जिना चढून वर जायचं आणि त्याच रेषेत वरच्या मजल्यावर भिंत आहे का ते पाहायचं. असेल, तर खालची भिंत काढून हॉल आणि किचन एक करण्याचं काम इंटिरियरवाल्याचं उरत नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि त्याने सही केलेला तुळईचा तपशील लागतो, भिंत पाडताना स्लॅबला टेकू कुठे आणि किती दिवस द्यायचा यासकट. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. 'मायव्हान' पद्धतीच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, इमारतींत जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात आणि त्याच इमारत उचलून धरतात. तिथे खिडकी मोठी करणं सोडाच, वायरिंगसाठी खाच मारायची तरी आधी विचारायला हवं.

वजनाचा हिशोब तर कुणीच करत नाही. जुन्या फरशीवरच नवी बसवायची म्हणजे दोन इंच माल आणि त्यावर ग्रॅनाइट, चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून भारतीय मानकानुसार २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. म्हणजे नवी फरशी एकटीच त्यातला पाऊण हिस्सा खाऊन बसते. गॅलरी खोलीत ओढून घेणाऱ्यांचं आणखी अवघड. गॅलरीचा स्लॅब एकाच बाजूने धरलेला, त्याला तोलून धरणारी मुख्य सळई वरच्या अंगाला. फरशा काढताना ब्रेकर चालतो तो नेमका तिच्यावर आणि पुढे कडेला विटांची भिंत चढते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना विचारून पाहा. तिथे माळ्याची खोली करायला पुष्कळदा 'प्लॅनिंग परमिशन' लागत नाही, पण बिल्डिंग रेग्युलेशनची मान्यता लागतेच. त्यासाठीच्या नकाशांत तुळई, जिना, आगीत बाहेर पडायची वाट, उष्णतारोधक थर, सगळं काढून दाखवावं लागतं. कामाच्या ठरावीक टप्प्यांवर निरीक्षक येऊन बघतो आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला देतो. तो नसेल तर घर विकताना पंचाईत होते. निरीक्षकांची फौज आपल्याला लगेच परवडणार नाही हे मान्य, पण नकाशाला कुणाची आडकाठी आहे?

आपल्याकडे निदान सोसायट्यांनी एवढं करावं. नूतनीकरणाच्या अर्जाबरोबर डेबरिसचं डिपॉझिट घेतात, लिफ्ट वापरायची वेळ लिहून देतात. त्याच अर्जाला आहे तसा नकाशा, होणार तसा नकाशा आणि भिंत, गॅलरी किंवा टॉयलेटला हात लागणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही जोडायला सांगावी. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष निघाला तर बिल्डरला तो दुरुस्त करून द्यावा लागतो. तेव्हा बिल्डर पहिलं बोट दाखवतो ते फ्लॅटधारकाच्या तोडफोडीकडे, आणि नेमकं काय तोडलं हे दाखवणारा कागद हातात नसला तर वाद तिथेच हरल्यात जमा. त्याच कायद्याच्या कलम १७ खाली बिल्डरने कागदपत्रं आणि नकाशे संस्थेच्या ताब्यात द्यायचे असतात. ते घेताना आरसीसीचे, म्हणजे खांब, तुळया, स्लॅब आणि त्यातल्या सळया दाखवणारे, नकाशे मागून घ्यावेत. बहुतेक सोसायट्यांच्या कपाटात मंजुरीचा एक जीर्ण नकाशा तेवढा सापडतो.

आणि महापालिकांना एक विनंती. जुन्या इमारतींच्या मंजूर नकाशांची नक्कल मिळवणं सोपं करा. नगररचना विभागात ते गठ्ठे पडून आहेत. स्कॅन करून मिळकत क्रमांकानुसार ऑनलाइन ठेवले आणि माफक शुल्क घेतलं, तर घर दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला निदान मूळ भिंती कुठे होत्या ते कळेल.

आपला,
एक निवृत्त आरेखक, पुणे